तेरावं चॅनेल

पाच लॅपटॉप. पुण्यातल्या कुठल्याशा कंपनीनं
टाकून दिलेले. बेळगावपर्यंत एसटी, पुढं टेम्पो,
आणि शेवटी खानापुरात माझ्या काउंटरवर,
पोत्यात, बटाट्यासारखे.
बिर्जे सर म्हणाले, "फुकटची सिस्टीम घाल गा यात.
विकतच्याला शाळेकडं पैसे नाहीत."
"फुकटची नव्हं सर, मोकळी."
"तेच की."

चार संध्याकाळपर्यंत सुटले.
पाचव्याचं वायफाय उठेना.
कार्ड आहे म्हणून मशीन सांगतं,
कंपनी, नंबर, कुठल्या खाचेत, सगळं छापून देतं,
खरं बोलत नाही.
आमच्याकडं 'खरं' म्हणजे 'पण'.
पुण्याची माणसं दरवेळी दचकतात.

महांतेश लॉग वाचतो. तो गंदिगवाडचा,
इंग्रजी ओळ आली की आधी कन्नडमध्ये चघळतो,
मग मला मराठीत देतो.
"फर्मवेअर सिगलिल्ला... घावलं नाही, अण्णा."
एवढीशी फाइल. तिच्यात काय लिहिलंय
ते कार्डाच्या कंपनीनं कुणाला दाखवलेलं नाही.
सगळं घर सताड उघडं,
एकाच फडताळाला कुलूप,
आणि काडेपेटी नेमकी त्यातच.

ती फाइल नेटवर आहे.
नेट त्या फाइलीत आहे.
यावर महांतेश जे बोलला ते मी इथं लिहीत नाही.

शेवटी माझा फोन, केबल,
आणि रेंजसाठी दुकानाची दुसरी पायरी:
लॅपटॉप मांडीवर, फोनचा हात उंच,
रस्त्यावरनं जाणारा गुरवांचा भरमा विचारतो,
"काय गा, ग्रहण बघालायस?"
साडेतीनशे केबी. चहा निवला.
बंद करून चालू केलं, तर कोपऱ्यातला दिवा
आधी पिवळा, मग निळा.
दुकानाचं वायफाय दिसलं. शेजारच्या मेडिकलचं दिसलं.
मी बिल फाडलं.

दुसऱ्या दिवशी नंदगडात
चार लॅपटॉपना शाळेचं नेट दिसतं,
पाचव्याला नाही.
त्याच बाकावर, त्याच भिंतीखाली,
राउटर डोक्यावर लुकलुकतोय आणि हा
समोरच्या पतसंस्थेचं नाव सांगतोय.
नववीतली रोझलिन म्हणाली,
"सर, ह्याला ऐकू कमी येतंय काय?"

बरोबर होती ती, जवळजवळ.
राउटर बोलत होता तेराव्या चॅनेलवर.
कार्ड स्वतःला अमेरिकेत समजत होतं,
आणि तिकडं अकराच्या पुढं कान द्यायचा नाही
असा कुणीतरी त्याला भरलेला दम.
विकलं गेलं, वापरलं गेलं, टाकलं गेलं,
पोत्यात घालून इथवर आलं,
कायदा तोच पाळतंय.

एक ओळ टाइप करायची असते.
तिच्या शेवटी दोन अक्षरं: देश.
मी टाकली, एंटर दाबलं आणि थांबलो,
पुढचा रकाना येईल म्हणून.
आमच्याकडं येतोच.
कुठल्या बाजूचे. घरात काय बोलता.
आला नाही.
महांतेशही पडद्याकडं बघत होता.
तो काही बोलला नाही, मीही नाही.
यादीत वरून तिसरं, शाळेचं नाव आलं.

पोरांनी ओरडून घेतलं.
पासवर्ड हेडमास्तरांच्या डायरीत,
डायरी हेडमास्तरांबरोबर बेळगावात, मीटिंगला.

परवा सरांचा फोन: पाचवा परत बहिरा.
चूक माझी. बंद केलं की विसरतं ते
आपण कुठं आहोत.
फाइलीत लिहून ठेवायला पाहिजे होतं.
निघालोय. महांतेश मागच्या सीटवर,
मांडीवर स्क्रूड्रायव्हरचा डबा,
जो आज लागायचा नाही.