निव्वळ दिसायला

महालक्ष्म्या चार दिवसांवर आल्या
म्हणून धुरपदामावशीला आंगण काढायला सांगितलं
आणि मी पाटबंधारेच्या ऑफिसात गेलो.
संध्याकाळी सेलूच्या त्या आंगणात
तळहातासारखी काळी माती.
हराळी गेली, लव्हाळा गेला, गाजरगवत गेलं,
कुंद्याच्या कांड्या खोल जाऊन वेचलेल्या,
फाटकाबाहेर ढीग,
आणि ढिगावर, सगळ्यात वर,
मुळं आभाळाकडं करून
माझं जांभळं गवत.

परभणीच्या नर्सरीतून दोनशे चाळीसला आणलेलं,
एस.टी.त मांडीवर घेऊन.
कंडक्टर म्हणाला होता, लेकराचं अर्धं तिकीट काढा.
तीन उन्हाळे त्यानं भांडी विसळलेल्या पाण्यावर काढले,
नळ बारा दिवसांआड,
जमिनीला हात जाईल एवढ्या भेगा,
तरी दसऱ्याला मांजराच्या शेपटीसारखे तुरे यायचेच.

मी बोललो नाही काही.
तिनं माझ्या तोंडाकडं पाहिलं, मग ढिगाकडं.
"माय! ह्ये लावलेलं व्हतं?"
"होय."
"गवत?"
"होय."
"इकत आणून?"

चाळीस वर्षं ती गवत उपटतेय,
दुसऱ्याच्या कापसातलं, दुसऱ्याच्या तुरीतलं,
कधी रोजानं, कधी उक्तं.
त्या हाताला मी काय सांगणार होतो,
की एखादं गवत गवत नसतं?

"ढोराला तरी व्हतं का?"
"ढोरं तोंड लावत नाहीत."
"मग?"
"दिसायला."
"निव्वळ दिसायला," ती म्हणाली,
चिंचेचं बोटूक जिभेवर ठेवल्यासारखी.

मग तिनं विळा मागितला.
झुपका मुठीत धरून वीतभर ठेवला, वरचं कापलं.
"डोस्कं हलकं केलं की मूळ जगतं."
बूड आपटून माती झटकली,
मधोमध वाळून पोकळ झालेलं मला दाखवलं.
"आत मेलंय बघा. कडंनं जितं हाय.
फोडायचं असतंय याला. तुम्ही नुसतं बघत बसलाव."
विळ्याचं टोक खुपसून तिनं ते उकललं,
करकरून.
एकाचे अकरा झाले,
प्रत्येकाला चार काड्या, मूठभर मुळ्या.

"बी पडलं तर कुंद्यावाणी पसरंल की."
मी वाचलेलं सांगितलं,
"याला बी धरत नाही. वांझ जात आहे."

विळा थांबला.
फाटकावरून एक सायकल गेली.
"वांझ नका म्हणू," ती मातीला म्हणाली.
"बी नाही म्हणा."

बी नाही, मी म्हणालो.

मग भिंतीच्या कडेनं, दीड-दीड हातावर,
ती लावत गेली, टाचेनं दाबत,
मी मागून तांब्यानं पाणी घालत.
अकरावा हातात धरून उभी राहिली.
"ह्यो नेऊ का मी?
किती कापायलाव मजुरीतून?"
मी साडेतीनशे पुरे दिले, तिनं दोनदा मोजले,
आणि फुटवा ओच्यात घातला.

दहातले दोन गेले.
एक कुत्र्यानं उकरला, एकाचं कारण कळलं नाही.

कार्तिकात मोजणीसाठी तिच्या वस्तीवरून जाणं झालं.
दाराला कडी, ती कापूस वेचायला गेलेली.
पत्र्याच्या खोलीपुढं, कान कापलेल्या तेलाच्या डब्यात
तीन तुरे.
मी वाकलो तर शेजारची पोरगी ओरडली,
"हात लावू नका! धुरपदाआजी लई भांडती."
मी हात मागं घेतला.
डब्याभोवतीची हातभर जमीन
खुरपून ठेवलेली,
एक काडी नव्हती तिथं.