एक हजार सात

रात्री पावणेबाराला पूर्ण्याहून
वसमतच्या गोदामातल्या मशीनवर शिरले.
पासवर्ड चालला, दार उघडलं,
आणि काळ्या पडद्यावर माझ्या नावाच्या जागी
त्यानं लिहिलं : मला नाव नाही.

मी कोण, असं विचारायची एक कमांड असते.
दिली.
उत्तर आलं, एक हजार सात
या आकड्याचं नाव सापडत नाही.

फायलींची यादी काढली.
मालकांच्या रकान्यात नुसते आकडे,
हळदीच्या कट्ट्यांवर लाल शाईनं घालतात तसे.
एक हजार चार म्हणजे बहुतेक सय्यदकाका,
आडतीचा हिशोब, एका बोटाचं टायपिंग.
एक हजार दोन कोण ते आठवेना.
सकाळी नवाला सौदा. त्याआधी पट्ट्या निघायला हव्यात.

मुंजाजीला फोन लावला. उठला बिचारा.
"काय करायलीस एवढ्या रात्री?"
रूटनं आत जाऊन बघितलं त्यानं,
जांभई देत म्हणाला,
"मला तर सगळ्यांची नावं दिसायलीत की."

दिसणारच.
सगळी दारं ज्याला उघडी
त्याला कुलूप कुठून दिसणार?

मग एकेक.
नेट चालू. डिस्कवर जागा आहे.
नावं शोधून देणारी सेवा जागी,
तिची जुनी साठवण पुसली, तिला परत उठवलं.
तेच. मला नाव नाही.
स्टेशनाकडं एक इंजिन कधीचं घरघरत उभं.
आतून आई : कुणाशी भांडायलीस गं?

शेवटी नावांची वहीच उघडायला गेले.
परवानगी नाकारली.

"मुंजाजी, वहीला हात लावलास?"
थोडा वेळ नुसता त्याच्याकडच्या पंख्याचा आवाज.
"दुपारी ऑडिटवाले आलते. म्हणले, उघड्या फायली बंद करा.
तिच्या नावात पासवर्ड दिसला, मी ती पण केली."

नावावर काय जातोस, वेड्या,
पासवर्ड तिच्या पोटातून कधीच हलवलेत.
आता तिच्यात फक्त आपण आहोत.
आपल्याला वाचता आलो पाहिजेत.

त्यानं एक ओळ मारली.
मी बाहेर पडले, परत आत आले.

प्यारग.

सात वर्षांपूर्वी खातं उघडताना
सय्यदकाकांच्या बोटानं य आणि र ची अदलाबदल केली,
प्रयागची प्यारग झाले.
दर दिवाळीला म्हणते, दुरुस्त करून घ्यावं.

राहू दे.
पट्ट्या काढायला घेतल्या.