खोनीचं तिकीट

दिदुबेच्या स्टँडवर, तिसऱ्या खिडकीत
मी एकोणीस वर्षं तिकिटं फाडते आहे.
तिबिलिसीहून पश्चिमेला निघालेला माणूस
काचेपाशी येऊन तोंड उघडतो न उघडतो
तोच मला त्याचं गाव कळतं.
ओतिया ड्रायव्हर म्हणायचा,
ल्यामारा शब्द वरच्यावर झेलते.
मला ते आवडायचं.

दर शुक्रवारी, साडेचारच्या गाडीला
एक उंच माणूस यायचा. हिरवी कापडी पिशवी,
पिशवीतून डोकावणारं फूटपट्टीचं टोक.
पहिल्या शुक्रवारी तो म्हणाला, "ख—"
आणि थांबला.
थांबला म्हणजे गप्प झाला नाही.
ओठ उघडे, मानेची शीर ताठ, डोळे मिटलेले,
जसं कुणी आतून दार ढकलतंय
आणि दारच ओलीने फुगून बसलंय.
मागे रांग. बटाट्यांची पोती. एक रडकं पोर.
मी मदत केली. म्हटलं, "खोनी?"
त्याने मान हलवली. वीस लारी मोजल्या.

त्यानंतर चार वर्षं
मी त्याला ख-सुद्धा म्हणू दिला नाही.
पिशवी दिसली की तिकीट तयार.
कधी वर सल्लाही, फुकट:
सावकाश. घाबरू नका. लांब श्वास घ्या.

मग एका फेब्रुवारीत, बर्फाने घाट बंद,
ओतिया चहा प्यायला आत आला
आणि सहज बोलून गेला,
तुझा तो खोनीवाला ना, तो खाशुरीला उतरतो.
दर वेळी?
दर वेळी. अर्ध्या वाटेत.
बायका रस्त्याकडेला गोड पाव विकतात ना,
त्याच्या जरा अलीकडेच उठून उभा राहतो.
पुढे त्याची सीट रिकामीच
रिकोतीच्या बोगद्यातून खोनीपर्यंत जाते.
कधी मी एखाद्या म्हातारीला बसवतो.

रात्री हिशेब मांडला.
दर शुक्रवारचे दहा लारी जास्त. चार वर्षं.
पैशांचा आकडा आला.
दुसरा येईना:
किती वेळा त्याच्या तोंडचा घास काढला मी
आणि वर आभाराची मान डोलावून घेतली.

पुढच्या शुक्रवारी मी हात मांडीवर ठेवले.
"ख—"
काचेवर वाफ उठली. विरली.
घड्याळ समोर होतं; मी त्याच्याकडे बघत राहिले.
खरं सांगते, घाम मलाच फुटला.
माझीच जीभ टाळ्यावर
खोनी, खोनी, खोनी आपटत होती.
"ख—ख—खा—"
पोत्यावरचा माणूस खोकला.
"—शुरी."

आला शब्द.
सफाईदार नाही, सुंदर नाही,
कड फुटलेला, थुंकीचा थेंब घेऊन आलेला,
पण त्याचा.

मी दहा लारी घेतल्या. मागच्यांची गोष्ट काढली
तेव्हा तो हसला, आणि बराच वेळ घेऊन म्हणाला
(तो सगळा वेळ मी ऐकला):
मी घाबरत नाही. शब्द मला माहीत असतो.
फक्त तो तुमच्याआधी पोचत नाही.
आणि खोनी, म्हणाला,
मी अजून पाहिलेलं नाही.

नाव विचारायला गेले होते, नाही विचारलं.
स्वतःचं नाव सगळ्यांत अवघड, असं त्यानेच सांगितलं.
येईल तेव्हा येईल.

काल ईस्टरआधीचा शुक्रवार. रांग पार रस्त्यापर्यंत.
त्याने सुरू केलं, "ख—"
आणि मागून एका भल्या बाईने,
लाल अंड्यांची टोपली सावरत,
अगदी माझ्याच आवाजात मदत केली:
"खोनी! अहो, खोनीचं द्या त्यांना!"

मी काचेच्या भोकाशी वाकले.
म्हटलं, बाई, थांबा जरा.
ते बोलतायत.