मुख्य खातेदार

घरात बाप्या फिटर नको, म्हणून रेवंडकरने मला बोलावलं.
उभादांड्यात वायरमनचा दाखला असलेली बाई मी एकटी.
मला वाटलं, कौतुक आहे.

दाराला कुलूप, कुलपावर डोळा,
हॉलमध्ये बोलता डबा,
पंखे, दिवे, पाण्याचा पंप,
सगळं एका फोनच्या मुठीत.
फोन त्याचा.
आठवड्याने तो जहाजावर गेला.
फोनही गेला.

दर्शना मासळीबाजारात भेटली,
बांगड्यांचा वाटा भाव न करता घेतलेला.
"गो, राती पंखो आपसूक बंद पडता.
तीनाक दिवे पेटतत.
डबो इचारता, जागी आसस?"

वायरिंग तपासलं. माझंच होतं.
दोष नव्हता.

कंपनीला फोन लावला. एक दाबा, चार दाबा,
मग गोड गळ्याची मुलगी:
"बदल फक्त मुख्य खातेदार करू शकतात."
म्हटलं, तो समुद्रात आहे. बाई इथे आहे.
"त्यांना पाहुणे म्हणून जोडता येईल, मॅडम.
मुख्य खातेदारांनी परवानगी दिली तर."
नऊ वर्षं त्या चुलीपाशी उभी, आणि पाहुणी.
मुलगीही जरा थांबली.
तिच्यासमोरच्या कागदावर पुढचं वाक्य नसावं.

रात्री खोक्यातलं पुस्तक काढून बसले.
मांजरीने घंटा वाजू नये, याचा उपाय आहे.
पोराने गिझर लावू नये, याचा आहे.
चोरासाठी अकरा पानं.
आतल्या माणसासाठी एक ओळ नाही.

मागे भोक आहे. पिन टोचा, दहा सेकंद,
यंत्र सगळं विसरतं.
पण विसरायच्या आधी त्याला कळवतं.
तिने एकदा फ्यूज काढला होता;
नंतर आठवडाभर पंप चालला नाही.
विहिरीवरून पाणी ओढलं तिने.
कुणी विचारलं तर म्हणायची, व्यायाम.

मग महावितरणचा संदेश आला:
बुधवारी दुरुस्ती, दहा ते चार वीज बंद.
या संदेशाला आम्ही नेहमी शिव्या घालतो.
मी तो दोनदा वाचला.
इन्व्हर्टरची बॅटरी आदल्या दिवशीच
"पाणी भरायला" घेऊन आले.

दहा वाजून चार मिनिटांनी डोळा मिटला.
अख्ख्या वाडीचाच अंधार,
त्यात एक घर वेगळं दिसत नाही.
तिने आपला फोन तांदळाच्या डब्यात ठेवला,
पोराचा हात धरला,
मागच्या माडांतून निघाली.
सावंतवाडीची एसटी सुटायला वीस मिनिटं लागली.
ती वीस मिनिटं मला अजून मोजता येतात.
कुठे उतरली, विचारलं नाही.
जे मला माहीत नाही ते कुणी माझ्याकडून काढू शकत नाही.

कंपनीला रजिस्टर पत्र टाकलंय:
एक बटण द्या, आतल्या बाजूला,
त्या छपराखाली झोपणाऱ्या कुणालाही दाबता येईल असं,
आणि जे चहाडी करणार नाही.
पोचपावती आली. उत्तर नाही.

तोवर नवं काम घेताना विचारते,
घरात आणखी कोण राहतं?
बोलवा त्यांना. त्यांच्याही फोनवर घालते,
पाहुणे म्हणून नाही.
बहुतेक जण हसतात.
परवा दाभोलीच्या एकाने काम काढून घेतलं.
ड्रिल पिशवीत घातली,
स्कूटरला किक मारली. दोनदा मारावी लागली.