पाडू नये

तार्तूत सकाळी सहाला अजून रात्रच असते.
आइली किटली चढवते, एक आज्ञा टंकते,
आणि पाणी उकळायच्या आत
समुद्रापलीकडे, फिनलंडमधल्या कुठल्याशा शेडमध्ये
चाळीस लिनक्स यंत्रं डोळे उघडतात.

डोळे कसले.
कोरी डिस्क, लावून घेतलेली दारं, एक किल्ली,
नावाच्या जागी नुसता आकडा.
बारसं नाही, घुगऱ्या नाहीत.
पाचवीच्या रात्री सटवाई कपाळावर लिहून जाते म्हणतात.
इथे तिला तेवढी सवड नसते,
ती आधीच लिहून ठेवते, एका फाइलीत :
जन्माची वेळ, अंगाचं माप, मेमरी किती,
आणि सगळ्यात खाली, एक ओळ मोकळी सोडून,
संध्याकाळी सात, पाडणे.

सटवाईचा पगार आइलीच्या खात्यात जमा होतो.

तार्मो होता तेव्हा यंत्रांना नावं असायची.
टिटवी, क्रौंच, बगळा.
एखादं आजारी पडलं की तो रात्रभर उशाशी बसायचा
थंडगार कॉफी ढवळत, लॉग वाचत,
ताप उतरायची वाट बघत.
"माया लावू नकोस," आइली म्हणायची,
"हाताने बरं केलेलं पुन्हा तसंच उभं करता येत नाही."
तो हसायचा.
ऑगस्टमध्ये तो गेला. नोकरी सोडून नव्हे.

जानेवारीच्या बिलात एक यंत्र जास्तीचं निघालं.
चाळीस उभारली, चाळीस पाडली,
उरलं एक.
तिने पुन्हा मोजलं. पुन्हा एक.
लेबलवर एवढंच : पाडू नये. तार्मो.
कारण नाही, तारीख नाही.
अकराशे बारा दिवस पापणी न मिटलेलं.

ती आत शिरली, चपला बाहेर काढून शिरावं तशी,
फक्त वाचण्यापुरती.
जुनाट कर्नल. कुणीही फोडावं असं कुलूप.
आणि क्रॉनमध्ये एकच ओळ, पहाटे चारची :
पेइप्सी तलावाच्या धक्क्याखालच्या तापमापकाला विचारायचं,
गणित करायचं,
एका नंबरावर एक निरोप धाडायचा.
कालचा निरोप :
बर्फ सतरा सेंटिमीटर. चालत जा. गाडी नेऊ नका.

नंबर मुस्तवेचा होता.
फोन लेंबितने उचलला, तार्मोच्या बापाने.
"येतो ना," म्हातारा म्हणाला, "रोज येतो.
पोरगा गेल्यावरही येतो.
कुणाला विचारलं नाही. विचारलं की बंद होईल."
मग बराच वेळ नुसती चुलीतली लाकडं तडतडली.
"बंद करायला फोन केलात?"

आइलीने विचारलं, "तुम्ही घरून कधी निघता?"
"साडेपाचला."

त्या रात्री तिने तार्मोचं गणित ओळ ओळ उतरवून घेतलं.
मध्येच एक वजाबाकी, तलावाशी काही संबंध नसलेली,
आणि शेजारी त्याची टीप :
बाबा ऐकत नाहीत. दोन सेंटिमीटर कमी सांगणे.

तिची बोटं थोडा वेळ तिथेच राहिली.
चूक म्हणून खोडता आली असती.

आता तीन पन्नासला एक यंत्र जन्मतं,
निनावी, ताजं, कुलूपबंद,
तळ्याला विचारतं, निरोप देतं,
आणि चार वाजून दोन मिनिटांनी नाहीसं होतं.
म्हाताऱ्याच्या बुटात अजून पायही गेलेला नसतो.

जुन्याचं लेबल तिने स्वतः काढलं.
ती एक आज्ञा स्क्रिप्टवर सोडली नाही,
अक्षर अक्षर हाताने टंकली,
'नक्की?' असं विचारलं गेलं तेव्हा
उठून किटली चढवून आली,
मग हो म्हणाली.

मुस्तवेत पहाटे फोन थरथरला.
बर्फ अठरा सेंटिमीटर.
लेंबितने गिरमिट खांद्यावर टाकलं, दार ओढलं
आणि चालू लागला.
पायाखाली वीस होता.