धुंडिराज टोपले ह्यांची तीन वाक्यं

मी पडद्याच्या डाव्या कोपऱ्यात असतो,
गालिच्यावर, उताणा,
म्हणजे मिशा नीट दिसाव्यात.
खजिन्यातला दुय्यम कारकून, मुक्काम लष्कर, ग्वाल्हेर,
साल राणीच्या ज्युबिलीचं.
खिडकीबाहेर गॅसचे दिवे आणि धुकं.
धुकं लंडनचं आहे.
खेळ बनवणाऱ्या पोरांना ते तयार मिळालं, स्वस्तात.
आमच्या पौषातल्या धुक्याला शेकोटीचा वास असतो.

मनगट नसलेला एक पांढरा हात
खोलीभर फिरतो, थांबतो, टिचकी मारतो.
घड्याळ: बंद पडलं आहे.
तंबोरा: तार तुटली आहे. कुणाचा तरी नवस फळला.
मी: हा मेला आहे.
पुन्हा मी: अजूनही मेलेलाच आहे.
एवढी दोन वाक्यं मला लिहून दिलीत,
आणि तिसरं एक सरसकट,
माझ्यावर जी वस्तू टेकवाल तिच्यासाठी:
ह्यानं काही होत नाही.

तिनं छत्री टेकवून पाहिली.
मोरार छावणीतल्या डॉक्टरचं कानाला लावायचं नळकांडं.
अर्धी बेडई.
माझ्या बायकोनं महिनाभर आधीच आणून ठेवलेलं आलवण.
ह्यानं काही होत नाही, ह्यानं काही होत नाही,
ह्यानंही.

मग आबासाहेब बिनीवाले येतात, गुप्त पोलिसातले,
पागोट्यावर विलायती हॅट.
भिंगातून त्यांचा डोळाच तेवढा मोठा दिसतो.
माझा जबडा उघडतात. जिभेखाली हिरवं काही.
‘विष!’
विष कसलं. मियाँच्या कबरीवरची चिंच.
पाला चावला की गळा गोड होतो म्हणतात.
मी अकरा वर्षं चावला.
झाड बोडकं झालं, गळा होता तसाच.
रोज पहाटे चारला भैरव.
त्यामुळे संशयितांच्या यादीत अख्खी गल्ली आहे,
शिवाय माझे बुवा, ज्यांची जबानी अशी:
‘मी मारलं नाही.
का मारलं नाही, ते मात्र सांगता येणार नाही.’

मला ठाऊक आहे कोण.
समोरच्या चंद्राक्का जपे.
केशर घातलेलं दूध घेऊन आल्या, म्हणाल्या, घशाला बरं.
अकरा वर्षांत माझ्या घशाची कुणी चौकशी केली नव्हती.
गहिवरून प्यालो.
पेला अजून तिवईवर आहे, उचलता येतो.
परवा तिनं तोही माझ्यावर टेकवला.
पेल्यासाठी वेगळं वाक्य लिहायचं पोरं विसरली होती.
ह्यानं काही होत नाही,
मीच म्हणालो, माझ्याच तोंडानं.
तिनं पेला ठेवला आणि पुन्हा छत्री उचलली.

ती रात्री दोनला खेळते.
कंपूकडे कुठेशी भाड्याची खोली.
काचेपलीकडे निळसर चेहरा, ओठांना गजकाचे तीळ.
अडली की गुणगुणते.
वरचा सा कधीच लागत नाही,
आणि जिथं नको तिथं हटकून मध्यम.
ऐकून मला भरून येतं.
मूल-बाळ नव्हतं मला.

आज जरा मोकळ्यानं गातेय.
पलीकडे कुठे तरी खिडकी आपटली. दुसरी.
मग दार वाजलं.
‘जागीच आहेस ना गं? शेजारची काकू.
दूध आणलंय, केशर घालून. घशाला बरं.’
‘अय्या, काकू, एवढ्या रात्री!’
पेला माझ्या पडद्यापाशी येऊन टेकला.
वाफ काचेवर चढली.
ह्या खेळात पहिल्यांदाच खरं धुकं.

मी मिशी हलवू पाहतो. मिशी चित्रातली आहे.
बिनीवाले भिंगात बघताहेत.
दार लोटून घेतल्याचा आवाज आला, पावलं गेल्याचा नाही.

एका हातात पेला घेऊन ती दुसऱ्या हातानं,
सहजच, त्या छत्रीसकट
माझ्यावर टिचकी मारते.

मी तिसरं वाक्य म्हणतो.
ती हसते,
सायीवर फुंकर घालते.