विषय क्रमांक नऊ

माझं काम एवढंच : कोण काय म्हणालं
ते लागेल तेवढं लिहायचं.
सूचक, अनुमोदक, बाजूने, विरोधी.
टेबलावर तळहात आपटला,
हे इतिवृत्तात बसत नाही.

हॅदर्सले टाउन कौन्सिल, महिन्याचा दुसरा मंगळवार.
बाहेर यॉर्कशायरचा आडवा वारा,
आत रेडिएटर, एकाच बाजूने गरम.
कौन्सिलर नॉर्मन ॲकरॉइड थंड बाजूला बसतात,
मुद्दाम. बिल सगळ्यांचं आहे म्हणतात.

'ॲकरॉइड अँड सन' : खिळे, कुलपं, बिजागऱ्या.
पाटीवरचा 'सन' म्हणजे हेच, एकाहत्तराव्या वर्षीही.
एक सुटा स्क्रू मागा, एक देतील,
कागदात बांधून, पावतीसकट.
उधारी नाही. बिशप आला तरी नाही.

विषय सहा : वाचनालय थंडीत रात्री आठपर्यंत उघडं,
ज्यांना घरचा हीटर परवडत नाही त्यांच्यासाठी.
ॲकरॉइड उठले. घर गरम ठेवणं घरातल्यांचं काम,
फार तर शेजाऱ्यांचं, चर्चचं.
कौन्सिल म्हणजे कुणाची आई नव्हे.
मी लिहिलं : कौ. ॲकरॉइड, विरोध.
कानात मात्र आमचे अप्पा,
कराडच्या पतपेढीतले, कानावर पेन्सिल :
अंथरूण पाहून पाय पसरावेत.
ज्याला अंथरूणच नाही त्याने काय करावं,
हे मी अप्पांनाही कधी विचारलं नव्हतं.

विषय सात : जूनमध्ये आठवडाभर इंद्रधनुषी झेंडा.
काठी एक, म्हणाले, झेंडाही एक.
कोण कुणाबरोबर राहतं ते मी विचारत नाही,
तुम्ही मला सांगू नका.
मागच्या रांगेत बेकरीतली ती मुलगी, जेम्मा,
तिने उठून कोट चढवला
आणि गेली नाही. बसून राहिली,
शेवटपर्यंत, कोट घालून.

विषय आठ : नव्याने आलेल्या कुटुंबांसाठी
त्यांच्या भाषेत माहितीपत्रक.
नियमाने या, राबा, भाषा शिका,
"या आमच्या मिसेस खानविलकरांसारखं."
नऊ माना माझ्याकडे वळल्या.
नाव मात्र बिनचूक, 'ख'सकट.
अख्ख्या कौन्सिलात ते एकटेच तसं म्हणतात;
नाव ही माणसाची मालमत्ता, मोडतोड करू नये.
कौतुक होतं की कुंपण,
कळेना. पेन थांबलं.
ते वाक्य मी गाळलं. चौदा वर्षांत पहिल्यांदा.

विषय नऊ : मंडईमागचं स्वच्छतागृह,
फुकट ठेवावं की वीस पेन्स.
चर्चा लांबली.
ॲकरॉइड सात बेचाळीसला बाहेर गेले,
सात एकोणपन्नासला आत. आठ पाचला पुन्हा बाहेर.
गणसंख्येसाठी मला वेळ लिहावीच लागते.
परत आले, गुडघ्यांवर हात टेकत बसले,
म्हणाले, फुकटचं ते कुणाचंच नसतं. वीस पेन्स.
पाच विरुद्ध चार. मंजूर.

शनिवारी मंडईत मला घाईची लागली
आणि पर्समध्ये नुसती कार्डं.
रांगेत माझ्यापुढे ते, चुळबुळत,
मुठीत दोन नाणी :
एक आत्तासाठी, एक बहुधा
घरी पोचण्याआधीच्या दुसऱ्या खेपेसाठी.
वळले. माझ्याकडे पाहिलं, पर्सकडे पाहिलं.
दुसरं नाणं माझ्या तळव्यावर ठेवलं.
"उसने," म्हणाले. "सोमवारी."

सोमवारी दुकानात गेले.
नाणं काउंटरवर ठेवलं, बिजागऱ्यांच्या खोक्याशेजारी.
त्यांनी चष्मा लावला, पावतीपुस्तक ओढलं,
नाव लिहिलं, स्पेलिंग न विचारता,
आणि खाली, सावकाश, गिचमिड न करता :
अक्षरी वीस पेन्स फक्त.